एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर

डर्बीच्या डेपोत पहाटे साडेतीनला
तिसऱ्या रुळावर ती येऊन उभी राहिली.
दक्षिणेकडून, रिकामी,
पायरीच्या फटीत मेंढ्यांच्या कुरणातली एक काडी अडकलेली.

कीथ ऑलसपनं टॉर्च मारला, म्हणाला, आली बघ.
इथेच, पलीकडच्या कारखान्यात ती जोडली गेली
तेव्हा तो एकोणीस वर्षांचा शिकाऊ होता.
तेव्हा ती एकशे सत्तर.
मग समुद्राकडच्या माणसांनी मागणी घातली.
त्यांच्या गाड्यांशी हिचा कपलर जुळेना,
म्हणून कपलर काढला, दुसरा बसवला,
आणि तेवढ्यावरून, फक्त तेवढ्यावरून,
सगळ्या कागदांवर ती एकशे एकाहत्तर झाली.
इंजिन तेच.
थंडीत सुरू होताना ठसका लागल्यासारखं खोकणं तेच.

मी पाना पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

माझंही नाव कुणीतरी ताटातल्या तांदळात
अंगठीनं लिहिलं होतं. शर्वरी.
बायका कौतुकानं वाचत होत्या, मीही वाकून बघितलं.
छान नाव होतं,
कुणाचं तरी.
त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी इंदुजा होते,
हाक मारली की जिना उतरून येणारी.

काम म्हणाल तर फार नाही.
दक्षिणेचा कपलर उतरवायचा, जुना चढवायचा,
तारा रंग बघून पुन्हा जोडायच्या,
कॉम्प्युटरला समजावायचं ही कोण.
तो दोनदा नाही म्हणतो. तिसऱ्यांदा ऐकतो.

आकडा मात्र मी सोलला.
गरम हवेनं कड सैल होते, मग नखानं.
खालचा रंग कोवळा निघाला,
इतकी वर्षं ऊन न लागलेला,
बांगडी उतरवल्यावर मनगटावर राहतो तसा.
एक गेला, शून्य आला.
हिशोबात हा तोटा.
कीथ म्हणतो, घरी आली.

तिची भावंडं देशभर पसरलीत,
अडुसष्ट, सत्तर, एकाहत्तर, बहात्तर,
सगळी डिझेलवर वाढलेली, जरा दमेकरी.
जिथं वरून विजेची तार गेलेली नाही
अशा गावांना हीच भेटतात.
तार पोचेल त्या दिवशी यांचं काम संपेल,
ती तारीख कुठल्याशा फायलीत असणार.
आम्ही तोवर फिल्टर बदलतो.

ऑफिसातल्या बाईंनी मला फॉर्म दिलाय.
आत्ताचं नाव. आधीचं नाव. बदलाचं कारण.
कारणाला दीड इंच जागा.
मी लिहिणार होते, कपलर.
पण पेनाला ग्रीस लागलं होतं, ते एक कारण झालं
आजही फॉर्म न देण्याचं.

तसं इथं दोन्ही नावं कुणी घेत नाही.
या गावात सगळ्यांनाच डक म्हणतात,
बसवाला म्हणतो, पोस्टातली म्हणते, कीथ तर दर वाक्याला.
डक म्हणजे बदक, हे आईला सांगितलं
तर हसताना तिचा चष्मा पडला.
मग गप्प झाली. म्हणाली,
मेतकूट पाठवतेय, पार्सलवर
काय घालू?
मी म्हटलं, डेपोचा पत्ता घाल, पोचेल.

तीन आठवड्यांनी ती मॅटलॉकला निघाली.
माणसं तीन, एक ओला कुत्रा.
खोकली, एकदाच धूर सोडला,
आणि सिग्नलपाशी वळताना
तिच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत
फक्त कुठं जायचं ते लिहिलेलं होतं.